कल्हई

आमच्या जाळ्यात पत्ता विचारत नाहीत,
नाव सांगतात.
'दुतोंड्या मारुती, पाणी, आज'
एवढं म्हणायचं आणि हाक सोडून द्यायची.
कोणाकडे आहे, कुठे आहे, ते जाळं बघून घेईल.

इंदिरानगरातून निघालेली हाक
पहिल्या वळणावर विचारते, तुझ्याकडे आहे का?
नाही.
द्वारकेच्या पेटीला विचारते. तिथेही नाही,
पण तिथे एक वही असते.
हेच मागणारे अजून चाळीस जण आलेत,
कुठल्या बाजूने आले तेवढं लिहून ठेव,
पुढे एकीलाच पाठव.
ती एकटी रविवार कारंजापाशी पोचते.
तिथे नक्कल सापडते,
आणि उत्तर आल्या पावलांनी मागे फिरतं,
वाटेतल्या पेटीपेटीत आपली एकेक प्रत ठेवत.
नदीकाठच्या कॅमेऱ्याला
याचा पत्ताही लागत नाही.

हे मी बसवलं,
सातपूरच्या ऑफिसात, तिसऱ्या मजल्यावर,
चिवड्याचं पुडकं कीबोर्डशेजारी ठेवून.

ऑगस्टमध्ये गंगापूर धरणातून पाणी सोडलं
आणि अख्खं नाशिक एकच नाव घ्यायला लागलं.
कॅमेरा निवांत.
पडद्यावरची रेघ सपाट, सारवल्यासारखी.
साहेब मागे उभे राहून म्हणाले, वा.

नकलेचं आयुष्य मी चाळीस मिनिटं ठेवलं होतं.
तीस कमी वाटली होती, साठ जास्त.
याहून मोठं कारण नाही.

चार वाजून दहा मिनिटांनी
भांडी बाजारातून मधुसूदन तांबटांनी विचारलं.
हाक गल्लीबाहेर गेलीच नाही,
कोपऱ्यावरच्या पेटीने लगेच दिलं:
मारुती, गुडघ्याएवढं पाणी.
त्या नकलेची दोन मिनिटं अजून शिल्लक होती.
तांबटांनी चहा सांगितला.
मारुतीच्या छातीला तेव्हा पाणी लागलं होतं.

नोंद मी नंतर वाचली:
यशस्वी. अकरा मिलिसेकंद.

आठ दिवसांनी गेले.
दुकानात गाळाचा वास, भिंतीवर कंबरेएवढी ओली रेघ.
चौदा हंडे वाहून गेले होते,
अकरा टाळकुटेश्वर पुलाखाली अडकलेले मिळाले.
तीन अजून फिरतायत, तांबट म्हणाले,
एखादा पैठणला पोचला असेल.

मी सगळं सांगितलं. पेट्या, वही, चाळीस मिनिटं.
ते चिंचेने तांब्या घासत ऐकत होते.
'म्हणजे नदीला कोणी विचारलंच नाही.'
विचारलं होतं, मी म्हटलं, तीन बत्तीसला. एकदा.

त्यांनी एक पातेलं उलटं करून उजेडात धरलं.
'कल्हई किती दिवस टिकते, सांगा.'
मला काय ठाऊक.
'मलाही नाही. डाळ-तांदूळ भरून ठेवलं
तर वर्षं जातात.
पण आमटी, ताक, असलं आंबट शिजलं
की महिन्यात तांबं वर येतं.
भांडं तेच असतं हो.
आत काय आहे ते बघायचं.'
मग चहा आला. पैसे त्यांनीच दिले,
मला ते फार लागलं.

आता मंदिराचा जुना फोटो
पेटीत खुशाल वर्षभर पडून राहतो.
धरणाचं दार उघडलं
की पाण्याच्या नकलेला एक मिनिट.
त्या दिवशी हाका थेट काठापर्यंत धावतात,
कॅमेऱ्याला धाप लागते,
पडद्यावरची रेघ घाटाच्या पायऱ्या चढत जाते.

परवा साहेबांनी विचारलं,
एवढी का चढली?
मी म्हटलं,
आज आंबट शिजतंय.