टीचभर पोकळी

स्टेजच्या फळ्या काढायला मला बोलावलं,
कारण जाड सागवानाला सरावलेले
ठाण्यात आता चारच हात उरलेत,
आणि त्यातले दोन माझ्या काकाचे. ते थरथरतात.

आम्ही चेंदणीचे. बापजन्मात होड्या केल्या.
होडीला फट म्हणजे मरण.
कापूस ठासायचा, वर डामर, वर देवाचं नाव.
कंत्राटदार म्हणाला, इथेही तसंच घट्ट करा,
खाली काँक्रीट, वर प्लाय, वर चकचकीत लॅमिनेट,
उद्घाटनाची तारीख छापून आलीय.

फळ्या उचकटल्या.
खाली पिठासारखी मऊ धूळ,
उंदरांनी अर्धा खाल्लेला पुठ्ठ्याचा मुकुट,
बाल्कनीचं साडेतीन रुपयांचं तिकीट,
तुळईवर खडूनं: सिंहासन इथे. सरकवू नये.
आणि एक घुंगरू. एकच.

शुक्रवारी कर्णिकबाई आल्या.
विंगेत चपला काढून
नमुन्याच्या तुकड्यावर उभ्या राहिल्या.
अठ्ठ्याहत्तर वर्षांची टाच
एकदा आपटली. थांबल्या. पुन्हा.
"ऐकतं," म्हणाल्या, "पण बोलत नाही."

कंत्राटदार हसला.
मला बाप आठवला. ओहोटीला,
गुडघाभर चिखलात उभं राहून
उलट्या बोटांनी तो होडीचं पोट वाजवायचा
आणि सांगायचा, कुठे कुजलंय.

बाईंनी पालिकेत सात पानी अर्ज टाकला.
काँक्रीट थांबलं. मला विचारलं, जमेल?
हो म्हणालो,
आणि रात्रभर हिशोब उलटा मांडत बसलो.
होडीला आत पाणी नको.
हिला आत वारा हवा.
आडव्या तुळया, त्यांच्याखाली रबराच्या गाद्या,
मधे टीचभर पोकळी, अगदी रिकामी,
आणि फळीफळीत नखाएवढी फट.
फट सोडताना हात मागे यायचा,
डामराचा डबा शोधायचा.
काका विंगेतून म्हणाला, बुडेल रे हे.
म्हटलं, बुडू दे.

उद्घाटनाचे पास आम्हाला नव्हते.
आदल्या दिवशी तालमीला मात्र
साउंडवाला हेडफोन काढून ओरडला,
डावीकडे पायाखाली काहीतरी किणकिणतंय!
गुडघ्यांवर रांगला, कान लावला,
एक फळी काढायची का, विचारू लागला.

कर्णिकबाई तिथेच उभ्या होत्या.
माझ्याकडे पाहिलं.
मी रंधा पुसत होतो, तो स्वच्छच होता.
मग त्यांनी दुसरा पाय उचलला
आणि त्याच जागी
जरा जोरात आपटला.