ज्याचं त्याला

रामदासपेठेत, दुसऱ्या माळ्यावर
मी रक्त फिरवते. पगार बरा आहे.
आठ मिनिटं यंत्र घरघरतं
आमच्या घरच्या कूलरसारखं, मग थांबतं.
नळीत खाली लाल गाळ,
वर जवसाच्या तेलासारखा पिवळा थर.
तेवढाच लागतो.

आज हटवार सर, भंडाऱ्याचे. तेवीस मेला लग्न.
डॉक्टर टाळूवर टोचतात, मी बर्फ धरते.
"लय दुखते का जी?"
"तुमचंच तर आहे," मी म्हणते,
"तुमालेच भेटून राह्यलं."

आधी मी रक्तपेढीत होते.
तिथं गट जुळला की झालं,
कुणाचं कुणाला, कोणी विचारत नसे.
माझ्या धाकट्याला सिकलसेल.
महिन्याला एक पिशवी, कधी दोन.
देणारा एकदाही दिसला नाही.
टक्कल असेल त्याला.
नसेलही.

सर आरशात बघतात, वळून पुन्हा बघतात,
टोपी घालतात,
थोडी उन्हासाठी, थोडी लाजेसाठी.
"केव्हा उगवतील?"
"तीन महिने तरी."
म्हणजे लग्नानंतरच.

ते जिना उतरतात.
उरलेलं लाल मी कचऱ्यात टाकते,
पिशवीला गाठ मारते.
अजून कोमट असते ती.