जमीन

आमच्याकडे वाद्य नाही. वाद आहेत.
म्हणे कधीकाळी जिमखान्याकडे तबला मागितला,
अर्ज फेटाळला गेला, आणि रागाच्या भरात गट सुरू झाला.
ही शर्वाणीच्या बॅचची कथा. त्याआधीच्यांची वेगळी आहे.
नाव : निव्वळ.
दरवर्षी पोस्टरवर कोणीतरी पेनने पुढे लिहितं,
निव्वळ टाइमपास.
तेही आता परंपरेत धरतात.

तालीम केमिस्ट्रीच्या मागच्या जिन्यात,
दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे,
जिथे आवाज भिंतीला लागून परततो तो जरा बाळसं धरून,
सुट्टीत आजोळी जाऊन आलेल्या पोरासारखा.
अमोनियाचा वास येतो.
खोकायचं ते सुरुवातीलाच, सगळ्यांनी मिळून, एकदा.
खाली ढमालेकाका कुलूप घेऊन बसलेले,
नऊ वाजले की किल्ल्या वाजवतात. सम तीच.

सा आम्ही पाण्याच्या कूलरकडून घ्यायचो.
पहिल्या मजल्यावरचा, डावा नळ तुटलेला,
दिवसरात्र एकाच सुरात कण्हणारा.
एका दिवाळीच्या सुट्टीत तो बदलला.
नवा कूलर गप्प आहे.
दोन दिवस आम्ही पोरके.
मग कुणाला तरी तन्वीर शिकलगार आठवला,
जुना मेंबर, आता हिंजवडीत.
त्याच्या कानात तो कूलर अजून चालू आहे.

तेव्हापासून तालमीआधी फोन.
तो मीटिंगमधून उठतो, लिफ्टपाशी उभा राहतो,
सा देतो, ठेवून देतो.
कसे आहात वगैरे नाही.
ग्लॅडविनने एकदा ॲपवर मोजलं :
तन्वीर उतरतोय. वर्षाला केसभर.
आम्ही ॲप काढून टाकलं.

माझं काम जमीन.
म्हणजे बाकीचे वर कुठेही हिंडोत,
खाली एक म् धरून ठेवायचा, ओठ मिटून,
श्वास अशा जागी चोरायचा की कुणाला कळू नये.
तीन वर्षांत मी एकही शब्द गायला नाही.
आई गॅदरिंगला आली, पहिल्या रांगेत बसली,
रिक्षात म्हणाली, तू का नाही गायलीस?
मेट्रोचे खांब मागे जात होते, मी समजावत होते.
नळस्टॉप आला तशी म्हणाली,
बरं. पण तोंड तरी उघडायचंस.

शेवटच्या कार्यक्रमात जमीन द्यायची असते.
चालू गाण्यात. कुठे, ते फक्त देणारीला ठाऊक.
घेणारीने आपलं आपण ओळखायचं,
आणि शिवण दिसली, एकाला जरी दिसली,
तर सगळ्यांचा बनमस्का त्या दोघींच्या खर्चाने.

घेणारी हिमानी लोणकर. सासवडहून रोज एसटीने.
तिच्या म् मध्ये थोडा न आहे.
महिनाभर काढायला बघितला, नाही निघाला.
राहू दे म्हटलं. आता तो राहील.

मी जागा ठरवली नव्हती.
दुसऱ्या अंतऱ्यात कुदळेचा आवाज नेहमीसारखा चिरकला,
सगळे तिकडे बघत होते,
आणि माझ्या बरगडीला शेजारून काहीतरी लागलं.
हिमानी होती. आली होती.
मी थांबले.

ओठ मिटलेलेच. आत कुणी नव्हतं.
आणि वरून एकेक शब्द खाली यायला लागला,
आमच्याच गाण्याचे शब्द,
मला त्यातला एक तर तीन वर्षं चुकीचाच माहीत होता.

टाळ्या झाल्या. कुणालाच कळलं नव्हतं.
शर्वाणीने मिठी मारली, तन्वीरला फोन लावला,
तो नेहमीसारखा सा देऊन मोकळा झाला.

ढमालेकाका सभागृहाच्या दारात, किल्ल्या हातात.
म्हणाले, काय गं,
मधेच कूलर बदलला का आज?

बिल आम्ही दोघींनी भरलं.
एक बनमस्का बांधून घेतला.