सेंटिमीटरचा दर

सांगलीच्या मार्केट यार्डात, हळदीच्या सौद्यांमागं
बाबालाल शिकलगारांचं काटेदुरुस्तीचं दुकान.
दिवाळी पुरवणीचं पावतीपुस्तक घेऊन गेलो.
म्हणालो, चाचा, आठ बाय दहाची जाहिरात द्या,
वर बातमी फुकट, फोटोसकट.

"बातमी कसली?"
"विश्वासाची पन्नास वर्षं, असलं काहीतरी.
मीच लिहितो. सगळ्यांच्या मीच लिहितो."

खरंच लिहितो.
शोरूमचा शुभारंभ थाटात,
ग्राहकांचा उदंड प्रतिसाद.
उदंड तर न बघता टाइप होतं,
मागोमाग पंधरा टक्के.

चाचा मांडीवर वजन घेऊन गंज खरवडत होते.
"शेजारच्या पेढीचा काटा
पोत्यामागं दीड किलो खायचा.
आलं तुमच्या पेपरात?"

त्या पेढीचं पाऊण पान होतं.
रंगीत.

"मग मी तो नीट केला.
तेही आलं नाही.
बरोबरच आहे म्हणा,
काटा मधोमध थांबला
यात छापण्यासारखं काय?"

चहा पाजला. तीनशे रुपये दिले.
"शुभेच्छुकांत घाला. फोटो नको."

रात्री ऑफिसात पान लावताना
एक ट्रॅक्टरवाला आणि एक माजी नगरसेवक
यांच्यामधे त्यांचं नाव बसवलं.
ओळ जराशी डावीकडं झुकत होती.
ऑपरेटर म्हणाला, चालतंय की, कोण बघतंय.
मी पट्टी मागून घेतली.