अंगी लागणं

ग्लानाची उंची मी दवाखान्याच्या भिंतीवर
गेल्या ईदेला खडूने आखली होती.
आज पुन्हा आखायला गेले
तर खडू जुन्याच रेघेवरून फिरला.

सल्का म्हणाली, दृष्ट लागली असेल.
पोरीच्या गळ्यात चामड्याचा नवा ताईत.
खाते गं भरपूर, म्हणाली,
खाल्लेलं अंगी लागत नाही.

हातपाय काटक्या, पोट तेवढं फुगलेलं.
असली पोटं मी सत्तावीस वर्षं
भुकेच्या खात्यावर मांडत आले,
आणि या वाळूतल्या छावणीत भुकेवर उपाय एकच,
दूरदेशीच्या पिठाचं आणखी एक पोतं.
(रिकामी पोती आम्ही दाराला लावतो. वारा अडतो थोडा.)

आमच्या आजोबांकडे समुद्र होता, उंटिणीचं दूध होतं.
गहू पाहुण्यासारखा यायचा, चार दिवस राहून जायचा.
आता तोच घरधनी.

आज काय सुचलं कुणास ठाऊक,
पोरीला काट्यावरून उतरवलं आणि आईला विचारलं,
तुझं काय?

चहाचा दुसरा पेला ओतावा तितक्या सहज ती बोलत गेली.
दोन राहिले नाहीत पोटात.
जिभेला फोड, ते साखरेने असतील.
लोहाच्या गोळ्या लग्नापासून, तरी नखं पांढरीच.
तंबूच्या दोरीला अडखळले तर मनगट मोडलं.
आणि भाऊ, तो इन्शुलिनवाला,
ओल्या फडक्यात बाटल्या गुंडाळून ठेवतो तो.

एकाच दोरीवरची धुणी ही.
मीच इतकी वर्षं सुट्या घड्या घालत बसले.

रोट बंद करू? तिने विचारलं.
नको, म्हणाले. तपास पुरा होईपर्यंत नको,
नाहीतर चोर सापडायचा नाही.
काही आठवडे. रोज. थोडा तरी.
तिने माझ्याकडे कसं पाहिलं, ते मी नोंदवहीत लिहिलं नाही.

संध्याकाळी त्यांच्या तंबूवरून गेले.
निखाऱ्याखालच्या वाळूतून रोट काढून
ती फडक्याने झटकत होती, फुंकर घालत होती,
पोरीच्या दाताखाली वाळूचा कण येऊ नये म्हणून.

घरी जेवताना मी कोपर खाजवत होते,
नेहमीसारखी. दोन्ही कोपरं, बारीक पाणीदार फोड.
वाळूने होतं, असं मीच सगळ्यांना सांगते.
घास हातातच राहिला.

सकाळच्या गाडीसाठी बर्फाच्या डब्यात तीन नळ्या.
एकीवर ग्लाना, एकीवर सल्का.
तिसरीवर अजून नाव घातलेलं नाही.