काढा, पुसा

टाम्पेरेत दुपारी तीनलाच दिवे लागलेत.
राइली कोप्पोनेन पडद्यावर गिऱ्हाईकाचं झाड उघडते :
कागद, पुठ्ठा, सुटे भाग,
आणि लाकूड विभाग, जो जूनमध्येच विकला गेला.

उजवं बटण दाबलं की दोन शब्द.
'काढा' म्हणजे फक्त यंदाच्या आराखड्यातून.
'पुसा' म्हणजे अकरा वर्षांच्या भेटी, दरांची घासाघीस,
आणि वेइक्कोच्या नावापुढची तिचीच टीप :
सकाळी फोन नको. आधी विचार, गळाला काय लागलं.

वेइक्को आता नाही. नंबर आहे.

नवा साहेब मागून म्हणतो, साफ करून टाक ना एकदाचं.

ती काढते.
झाड हलकं होतं, आकडे जुळतात.
मग कोट घालता घालता
शोधपेटीत उगाच 'लाकूड' लिहून बघते.

एक नोंद सापडली.