गावठाणावरची गणती

पहिल्या वर्षी मी एक फ्लेक्स घेऊन आले,
दहा बाय सहा, चोवीस पक्षी, चोवीस नावं,
तळाशी संस्थेचं बोधचिन्ह आणि
'हे आपले पाहुणे, यांना जपू या'.
तापीच्या फुगवट्यावर, होड्या लागतात तिथे,
दोन बल्ल्यांना बांधला.
संक्रांतीनंतर गेले तर बल्ल्या होत्या,
फ्लेक्स नव्हता.

तो सापडला उखर्डू भोईच्या झोपडीवर,
छपराला, चित्रं आतल्या बाजूला.
'गयत होतं,' एवढंच म्हणाला.
आत त्याची नात खाटेवर उताणी पडून
छतातल्या एकेका पक्ष्याकडे बोट करत होती:
थापट्या, तलवार बदक, चक्रवाक.
एकही चुकली नाही.
मी वहीत लिहिलं: फलक क्रमांक एक, हरवला.

थंडी रावेरची, केळीची पानं करपवणारी.
पहाटे पाचला होडी पाण्यात.
मी दुर्बिणीवरचं दव पुसतेय,
सुपडाबाई रात्रीचं जाळं ओढतेय,
आणि जाळ्यात, रोहूंच्या मध्ये,
माना अडकून बुडालेल्या तीन लालसऱ्या.
डोळे उघडे.
मी बोलायचं ते बोलले:
उथळात रात्रभर जाळं नको, सांजेला काढून घ्या.
गाठी सोडवत तिनं ऐकून घेतलं.
'मंग रातीचा रोज कोन देईन?'
संस्थेकडे टोप्यांसाठी पैसे होते.
रात्रीसाठी नव्हते.

त्याच संध्याकाळी शाळेच्या भिंतीला चादर लावून
मी नकाशा दाखवला,
सैबेरिया, हिमालय, बाणांची लांब रेघ.
'स्थलांतरित' म्हणाले, दोनदा, नीट उच्चारून.
मागे उखर्डूनं विडी विझवली.
'आमच्या कागदावर दुसरा शब्द होता.
विस्थापित.'
हसले सगळे. मीही, जरा उशिरा.
'यायले कोनी दाखला मांगत नाही.
येतात अन् बसतात.
कुठी बसतात, ठाव हाये का तुमाले?'

मला ठाऊक होतं: उत्तर काठ, खोली चार फूट,
पाणवनस्पती भरपूर. तसंच सांगितलं.
तो मान हलवत राहिला,
हो म्हणून की नाही म्हणून, कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं मला होडीत बसवलं.
बरंच आत गेल्यावर बांबू खाली सोडला.
टक् झालं. दगड.
'हे चावडी.'
आणखी वीस हात. 'अठी लिंब होता. खोड हाये अजून.'
'अठी सुपडीचं लगीन लागलं.'
पाणी सगळीकडे सारखंच, राखाडी.
तो मात्र वळणं घेत होता,
गल्लीत शिरल्यासारखा,
एका जागी तर डोकंही वाकवलं.
टेकाडावरचं गाव होतं,
म्हणून उथळ, म्हणून शेवाळ, म्हणून बदकं.
एवढं माझ्या अहवालात बसलं.

भोयांची बैठक कधी झाली, मला माहीत नाही.
मला कुणी बोलावलं नव्हतं.
होळीआधी इतकंच दिसलं
की चार कोपऱ्यांना बाभळीच्या काठ्या रोवल्यात,
चिंध्या बांधून, शीव आखतात तशी,
आणि आत जाळी पडत नाहीत.
सगळेच पाळतात असं नाही.
पलीकडच्या काठाचा एक जण रात्री येतोच,
त्याच्याशी भांडण अजून चालू आहे.
सुपडाबाईला विचारलं, हे कसं काय?
'आपल्याच दारात कोनी जाळं लावते का, बाई?'
म्हणाली, आणि मासे तोलायला बसली.

यंदा गणतीला उखर्डू बरोबर होता.
दुर्बीण नको म्हणाला.
मी शंभराच्या पटीत, रकान्यात रेघा ओढत.
तो त्याच्या हिशेबानं, ओठातल्या ओठात:
पाटलाच्या खळ्यावर दीडशेक.
मारुतीच्या पारावर चाळीस.
शाळेवर लई, जवळ नका जाऊ, उडतीन.
मग बराच वेळ काही बोलला नाही.
मी पेन धरून थांबले.
'आमच्या चुलीवर,' तो म्हणाला,
'दोन.'